कॅलेंडरावरचा मृग

"दोन रात्री द्या मला. फक्त दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी मृगातला तेजोमेघ तुमच्या टेबलावर असतोय. तेराशे प्रकाशवर्षांवरनं थेट!"

असं म्हणून वर्धमान खाली बसला, आणि निपाणीच्या सौहार्द सहकारी सोसायटीच्या बोर्ड मीटिंगमध्ये सगळ्या संचालकांनी एकाच वेळी चहाचे कप खाली ठेवले. कारण विषय होता नव्या वर्षाच्या कॅलेंडराचा, आणि त्या विषयावर आजवर कुणी काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बोलायचं काय त्यात? खाली बारा महिने, वर चेअरमन आण्णाप्पांचा फोटो. फेटा बांधलेला, हार घातलेला, कुठल्याशा सत्कारातला. सात वर्षं तोच सत्कार, तोच हार. फक्त वर्ष बदलायचं.

एका संचालकानं विचारलं, "तेराशे म्हंजे पुण्याच्या पलीकडं का अलीकडं?"

वर्धमाननं त्याच्याकडं दयेनं बघितलं. तो सोसायटीचा सेक्रेटरी. बावीस वर्षं झाली, त्याचं नाव फक्त एकाच ठिकाणी छापून येतं: वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात. पण कॅलेंडर चार हजार घरांत जातं. स्वयंपाकघरात लागतं. दूध किती घेतलं ते त्याच्यावर लिहितात, गॅस कधी संपला ते लिहितात. त्या कॅलेंडरावर मृगाचा गुलाबी तेजोमेघ आणि खाली ठळक 'छायाचित्र : वर्धमान' असं छापून आलं की वर्षभर चार हजार बायका भाकरी थापताना आपलं नाव वाचतील, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढं दिवाळीपासनं होतं. फोटो सोडून बाकी सगळं तयार होतं.

आण्णाप्पा हसले. ते हसले की सोसायटीत कुणाची तरी बदली व्हायची. "काढा की वर्धमान. वीस डिसेंबरला दुपारी बाराच्या आत फोटो प्रेसला पोचला तर तुमचा मृग. न्हाईतर आमचा फेटा हायच."

आता साहित्य. तारे सरकतात, म्हणजे सरकते पृथ्वी, पण दोष ताऱ्यांवर जातो. त्यामुळं कॅमेरा मिनिटभर उघडा ठेवला की ताऱ्याचा ठिपका न येता रेघ येते. त्यावर उपाय म्हणून ट्रॅकर नावाचा विटेएवढा डबा मिळतो. तो तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर, बसवायचा, वर कॅमेरा लावायचा, की डबा आकाशाच्या वेगानं हळूहळू फिरत कॅमेऱ्याला ताऱ्यामागं लावून धरतो. हा डबा वर्धमानच्या मेहुण्यानं, विक्रमनं, मेलबर्नहून पाठवला होता. त्यानं वापरून सोडलेला. परदेशी माणसं वापरून सोडतात म्हणजे वस्तू चांगली असते, अशी वर्धमानच्या घराण्याची श्रद्धा.

लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स चुलतभाऊ वृषभनं दिली. वृषभ लग्नाचे फोटो काढतो. ही लेन्स त्यानं पाठवणीला नवरीच्या डोळ्यातलं पाणी मांडवाच्या दारातनं टिपायला घेतली होती.

"सांभाळून वापर दादा," तो म्हणाला. "आजपतोर तिनं रडणारी माणसंच बघितल्यात."

"आता हसणारी बघंल," वर्धमान म्हणाला. वृषभनं लेन्सचं झाकण लावून दिलं. धंद्यात राहून त्याला थांबायची सवय होती.

डब्याची अट एकच. त्याचा आस ध्रुवताऱ्याकडं बरोब्बर रोखलेला पाहिजे. काम सोपं, कारण ध्रुव हलत नाही. पण निपाणीत तो फार वरही चढत नाही. हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासनं दीड मुठीवर. आणि वर्धमानच्या गच्चीवरनं उत्तरेला बरोब्बर दीड मुठीवर शेजारच्या शामू मास्तरांची पाण्याची टाकी होती. काळी, हजार लिटरची.

"मास्तर, तेवढी टाकी दोन फूट सरकवता का? तिच्या मागं ध्रुव हाय."

रिटायर झाल्यापासनं मास्तरांना कुणी प्रश्न विचारला नव्हता. ते खुर्ची घेऊन गच्चीवर आले. "ध्रुव अढळ हाय म्हणून त्याला एवढा मान. मग माझी टाकीच कशापाय ढळावी? आणि आत्ताच भरल्याय."

"आठ दिवसांपुरती, मास्तर."

"त्यापेक्षा असं करा, दुसरा तारा घ्या. आभाळात काय कमी हाईत?"

ह्या सल्ल्यापाठोपाठ गल्लीतनं आणखी आले. खालच्या किराणावाल्यानं मोबाईलमधलं होकायंत्र वापरायला सांगितलं. ते टाकीच्या लोखंडी कठड्याजवळ जाऊन पूर्व दाखवू लागलं. समोरच्या काकूंनी गुरुजींना विचारून दिशा घ्यायला सांगितली. शेवटी वर्धमान जिन्याच्या खोलीच्या छपरावर चढला. तिथनं टाकीच्या खांद्यावर ध्रुव दिसत होता. बारीक, केविलवाणा, आपण अढळ असल्याचा काहीच डौल नसलेला.

खालनं त्रिशलाची हाक आली, "पावणेसहा झालं. जेवून घ्या, न्हाईतर उपाशी मरचीला!"

वर्धमानच्या घरात दिवस मावळल्यावर तोंडात काही जात नाही. नेम तीन पिढ्यांचा. आणि तारे दिवस मावळल्याशिवाय निघत नाहीत, त्यांचाही नेम जुनाच. त्यामुळं तो सहाच्या आत जेवला, सातला छपरावर चढला, आणि साडेनवापर्यंत पोटातला आवाज डब्याच्या मोटरच्या आवाजाला भारी पडू लागला. पण फोटो निघाले. चाळीस.

सकाळी वृषभनं ते कॉम्प्युटरवर बघितले. बराच वेळ बघितले. "दादा, ह्या तारका न्हाईत. ह्या अक्षता हाईत."

"म्हणजे?"

"शुभमंगल सावधान झाल्यावर फेकल्याल्या. टायमिंग मात्र एक नंबर घावलंय तुला."

खरंच, प्रत्येक ताऱ्याची लांबलचक रेघ झाली होती. डबा नसता तर जेवढी झाली असती, त्याच्या दुप्पट. वर्धमाननं मेलबर्नला फोन लावला.

"भावजी," विक्रम म्हणाला, "बाजूला बारकं बटण हाय बघा. एनवर हाय का एसवर?"

"एसवर."

"ते हिकडचं. हिकडं आभाळ उलटं फिरतंय."

म्हणजे अख्खी संध्याकाळ निपाणीतल्या जिन्याच्या खोलीवर वर्धमान मेलबर्नचं आकाश फिरवत बसला होता. शिवाय फोटोभर गावच्या दिव्यांचा नारिंगी रंग उतरला होता, आमटीत कालवल्यासारखा. इथं जमणार नाही, अंधार पाहिजे, असं तो घरात जाहीर करून बसला.

"अंधाराला काय तोटा," त्रिशला म्हणाली. "माझ्या माहेरच्या शेतात चला. कोगनोळीत. पण अंधाऱ्या पंधरवड्यात रातचं माकडटोपी घालून तीन पायांचं यंत्र घेऊन जाणार असशीला तर मी आधी फोन करते. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणणार? शास्त्र हाय हे."

फोन करू नको, असं त्यानं मुद्दाम बजावलं. माणसाचं आयुष्य एवढ्याएवढ्यावरनं वळतं.

कोगनोळीचं शेत म्हणजे विक्रमच्या वाटणीचं. तो मेलबर्नला असल्यानं भरमा नावाचा माणूस ते वाट्यानं करतो. शेताच्या उत्तरेला मोकळं रान आणि त्याच्या पलीकडं महाराष्ट्र. म्हणजे ध्रुवतारा महाराष्ट्राच्या हद्दीत, कागलच्या दिव्यांवर आणि बघणारा कर्नाटकात. सीमाप्रश्नात आजवर एवढी माणसं बोलली, पण हा मुद्दा कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

बारा तारखेला सातच्या सुमारास वर्धमाननं बांधावर तिकाटणं रोवलं. वर डबा बसवला, डब्यावर कॅमेरा. डब्यातल्या नळीला डोळा लावला, पाण्याचा बुडबुडा मध्ये आणला, उत्तरेकडं बघून वहीत काहीतरी लिहिलं. परत बघितलं, परत लिहिलं.

आता ह्या भागात बांधावर तीन पायांचं यंत्र आणि त्याला डोळा लावून लिहिणारा माणूस दिसला, की त्याचा अर्थ एकच. रस्ता. आज यंत्र येतं, सहा महिन्यांनी खुणेचे खांब येतात, वर्षानं ऊस जातो. तोडून नव्हे, डांबराखाली.

पाचव्या मिनिटाला भरमाची आई नागुबाई आली. सत्तरीची, अंगावर घोंगडं, हातात खुरपं. तिनं काही विचारलं नाही. तिकाटण्याच्या समोर, लेन्सच्या नाकासमोर, ती बांधावर फतकल मारून बसली.

"मोज," ती म्हणाली. "माझ्या उरावरनं मोज."

"मावशी, मी रस्ता मोजत न्हाय. मी ध्रुव बघालोय."

"पैलं समदी तसंच म्हंत्यात. मागल्या टायमाला आलता त्यो म्हनला, पाखरं बघालोय. सा म्हैन्यात खांब रोवलं."

"पण मी सोसायटीचा सेक्रेटरी…"

"त्योबी कसला तरी सेक्रेटरीच हुता."

तोवर बॅटऱ्या चमकवत पंचवीसेक माणसं जमली. प्रत्येक बॅटरी आधी वर्धमानच्या तोंडावर मग लेन्समध्ये. भरमानं यंत्राला लांबनं एक चक्कर मारली. त्याला वाचता येत नसेल, पण दिशा कळत होती.

"ह्ये रस्त्याचं न्हाय," तो जाहीर म्हणाला. "रस्ता पूर्व-पश्चिम जातोय. ह्येचं त्वांड कागलकडं हाय. शीव मोजालाय त्यो!"

मग एकदम सगळे बोलायला लागले.

"कुणाकडनं आलाईसा? हिकडच्या सरकारकडनं का तिकडच्या?"

"रेघ कुठनं जाणार? घर हिकडं आन् गोठा तिकडं असं तर न्हवं?"

"तिकडं गेलो तर मोटरची लाईट दिवसा मिळती का रातची?"

"रातचीच. लाईट दोनीकडं रातचीच हाय."

"उतारा तरी मराठीत मिळंल की."

"मिळंल. आता कानडीत नाव चुकलंय, मग मराठीत चुकंल. निदान चूक वाचाय तरी येईल."

वर्धमाननं माकडटोपी काढली, घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली की पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तिचा आस उत्तरेला ध्रुवाकडं रोखलेला आहे आणि आपण कुणाच्याच बाजूचे नाही. "मी फक्त उत्तरेकडं जुळवून घ्यालोय," तो म्हणाला.

"म्हंजे महाराष्ट्राकडंच की," भरमा म्हणाला. "मग सरळ सांगा की मर्दा, भ्यालाईसा कुणाला?"

एवढ्यात बीटचा हवालदार मोटरसायकलवरनं आला. लांबनं त्याला बांधावर गर्दी, मधे पांढरी नळी आणि नळीसमोर बसलेली म्हातारी एवढंच दिसलं होतं. "एन्री इदु?" हे काय चाललंय, असं त्यानं विचारलं. वर्धमाननं अस्खलित कानडीत, चिक्कोडीच्या मावशीकडं शिकलेल्या, सगळं परत पहिल्यापासनं सांगितलं. हवालदारानं नळीला डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"ह्यात माझी बदली दिसती का?"

"न्हाय साहेब."

"मग परमिशन दाखवा."

"आभाळ बघायला परमिशन कशाला, साहेब?"

"बघायला न्हाय लागत. स्टँड लावून बघायला लागती."

ह्यावर कायद्यात काय आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. पण एकानं खाकी घातली होती. वर्धमाननं तिकाटणं मिटलं. बावीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय सोसायटीचं पान हललं नाही, तो माणूस लेन्स छातीशी धरून बांधावरनं उतरला, आणि मागनं नागुबाईचा आवाज आला, "गेला बाई. बसल्याचं सार्थक झालं."

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या ऑफिसात उभा होता. कारकून तरुण आणि गोड होता, त्यामुळं त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

"सर, फॉर्म ऑनलाइन हाय. कार्यक्रमाचा प्रकार सांगा."

"ताऱ्यांचे फोटो."

कारकुनानं यादी उघडली. "मिरवणूक, मंडप, लाऊडस्पीकर, आतषबाजी, कुस्ती, नाटक. बोला."

"ह्यात बसत न्हाय. 'इतर' असंल की."

"'इतर' काढून टाकलं, सर. लोक समदं त्यातच टाकालते."

"अहो पण तारे ह्यातलं काहीच न्हाईत!"

"सर," कारकून समजुतीनं म्हणाला, "ह्या यादीत जे हाय तेवढंच जगात हाय."

मग दोघांनी मिळून विचार केला. आतषबाजीला अग्निशामकाचा दाखला लागत होता. कुस्तीला डॉक्टर हजर पाहिजे. मिरवणुकीला मार्ग पाहिजे आणि मृगाचा मार्ग पूर्वेकडनं पश्चिमेकडं, पण गावाबाहेरनं. कारकुनाला तो नकाशात घालता येईना. राहिलं नाटक. त्याला फक्त नाटकाचं नाव, पात्रं आणि भाषा लागत होती.

"नाव?"

"मृग," वर्धमान म्हणाला. त्याचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"पात्रं?"

"मी एकटाच."

"एकपात्री. मस्त. भाषा? कानडी का मराठी? भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत न्हाय सर."

सीमाभागात ह्या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस चारदा इकडंतिकडं बघतो. वर्धमाननंही बघितलं. "भाषाच न्हाय त्यात."

"मूकनाट्य," कारकुनानं टाईप केलं. "कानडीवालंबी खूश, मराठीवालंबी खूश. असलं पैल्यांदाच आलं बघा."

सतरा तारखेला परवानगी आली. एकपात्री मूकनाट्य 'मृग', स्थळ कोगनोळी, रात्री दहाच्या आत संपवणे, ध्वनिक्षेपक वापरू नये. एक प्रत बीटच्या हवालदाराला. एक प्रत ग्रामपंचायतीला. ही शेवटची ओळ वर्धमाननं वाचली. पण एखादी ओळ वाचणं आणि तिला घाबरणं ह्यात फरक असतो.

सीमाभागात नाटकाचं वेड काय असतं, हे वर्धमानला कुणी सांगायला नको होतं. जत्रेला नाटक झालं नाही तर देव कोपतो असं मानणारी गावं आहेत इथं. पंचायतीच्या स्पीकरवरनं एकोणीस तारखेला सकाळी तीनदा पुकारलं: आज सातला भरमाच्या शेतात नाटक. फुकट.

वर्धमान आणि त्रिशला स्कूटरवरनं पोचले तेव्हा शेतात दोनशे माणूस बसलं होतं. चटया, घोंगडी, पोतं, कडेवर पोरं. बांधाच्या टोकाला भज्याचा गाडा लागला होता. भरमानं मोटरच्या पेटीवरनं वायर ओढून दोन हॅलोजन बांबूला बांधले होते आणि बांधावर पांढरा लख्ख उजेड केला होता, एवढा की मृगच काय, चंद्र असता तरी लाजून गेला असता.

"आईगं," त्रिशला पुटपुटली. "पहिल्या रांगेत माझी काकू हाय. तुम्ही माझे कोणी न्हाई, कळलं?" आणि ती काकूशेजारी जाऊन बसली.

वर्धमाननं हात वर केला. दोनशे माणूस गप्प झालं.

"मंडळी, गैरसमज झालाय. हे नाटक न्हाय."

मागनं कुणीतरी शेजाऱ्याला समजावलं, "नव्या नाटकात असंच असतंय. पैलं माणूस येऊन न्हाय म्हंतोय."

"मी फक्त मृग नक्षत्राचा फोटो काढायला आलोय!"

"मृग?" भरमा उभा राहिला. "मृग जूनला लागतोय. पेरणी झाली, काढणी झाली, आता डिसेंबरात कसला मृग?"

ह्यावर मात्र प्रेक्षकांत खरी चर्चा पेटली. जूनमध्ये मृग असतो त्यात पाऊस असतो. हा कोरडा मृग कुठला? एकजण म्हणाला हा राहिलेला मृग असणार, जूनला पुरता पडला नव्हता. वर्धमाननं सांगून बघितलं की जूनमध्ये सूर्य त्या तारकांत असतो म्हणून त्या दिसत नाहीत, आत्ता त्या रात्री दिसतात. दोन टाळ्या पडल्या. मूकनाट्याला एवढं बोलणं कसं चालतं, असा आक्षेप मात्र एका माणसानं घेतला. पंचायतीचा कागद त्याच्या खिशात होता.

नागुबाईनं कागदात भजी आणून पुढं केली. "खा बाबा. तवाचा राग नगं धरूस."

"मावशी, दिवस मावळल्यावर मी खात न्हाय."

नागुबाई परत जाऊन बायकांना सांगू लागली, "लई अवघड भूमिका केलीया त्येनं. खातबी न्हाय."

आठ वाजले. साडेआठ वाजले. ध्रुव कागलच्या डोक्यावर होता, बटण एनवर होतं, मृग पूर्वेला चांगला वर आला होता. पण हॅलोजन बंद करायला कुणी तयार नव्हतं. पोरं आहेत, शेतात साप आहेत, आणि अंधारात नाटक कसलं बघायचं? उद्या बाराला प्रेस. वर्धमान प्रत्येकाच्या पाया पडायला तयार झाला होता. पडलाही असता, पण लोकांनी ते नाटकात धरलं असतं.

आणि नऊला पाच मिनिटं कमी असताना लाईट गेली.

हॅलोजन गेले, पंपाचे दिवे गेले, गावचे गेले, भज्याच्या गाड्यावरचा बल्ब गेला. आणि मग डोकं वर करून सगळे बघत राहिले, कारण वर एवढं असतं हे बऱ्याच दिवसांत कुणी बघितलं नव्हतं.

"आता सुरू झालं," कुणीतरी कुजबुजलं. "गप बसा."

ते गप बसले. देवाशपथ, दोनशे माणूस वीस मिनिटं हललं नाही. पोरंसुद्धा रडली नाहीत. डबा हळूहळू फिरत राहिला, नवरीच्या डोळ्यातलं पाणी टिपणारी लेन्स मृगावर रोखलेली राहिली, आणि वर्धमाननं नव्वद-नव्वद सेकंदांचे बारा फोटो घेतले. बाराव्याला त्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं. ठिपके ठिपकेच होते. एकाचीही रेघ नव्हती. आणि मध्ये, पंख पसरल्यासारखा, गुलाबी तेजोमेघ.

नागुबाई अंधारात चाचपडत आली आणि तिनं पडद्यात डोकावलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "पळस फुलल्यागत हाय की रं."

बावीस वर्षांत त्याच्या कामाबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

सव्वानऊला लाईट आली. दोनशे माणसानं टाळ्या वाजवल्या. उठताना भरमा म्हणाला, "छान झालं. शेवट तेवढा कळला न्हाय." त्रिशला काकूला घेऊन पुढं आली आणि ओळख करून दिली: "हे आमचे."

वीस तारखेला सकाळी साडेदहाला, म्हणजे दीड तास आधी, फोटो प्रेसमध्ये पोचला. वर्धमाननं पेन ड्राईव्हबरोबर एका कागदावर 'छायाचित्र : वर्धमान' हे ठळक लिहून दिलं आणि अक्षरांचा आकार बोटानं दाखवला. आण्णाप्पांनी मोबाईलवर फोटो बघितला, उलटा धरून एकदा बघितला आणि म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द. छापा." सोसायटीत पेढे वाटले. शामू मास्तरांनी गच्चीवरनं हाक मारून विचारलं की आता टाकीचा काही त्रास नाही ना.

अठ्ठावीस तारखेला वर्धमान पहिली प्रत आणायला प्रेसमध्ये गेला. बरोबर त्रिशला होती आणि वृषभ होता, कॅमेरा घेऊन. प्रकाशनाचा फोटो घ्यायचा होता. कॉम्प्युटरवर बसणारा मष्णू त्यांना बघून उठून उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"सर, तुमचं काम म्हणून केलं बघा. फाईल लई घाण हुती."

"घाण?"

"नुसतं पांढरं ठिपकं. हजारभर असतील. धूळ बसल्याली. मशीनवर जाईनात, मग दोन दिवस बसून एकेक हातानं काढला. आता कसं तुळतुळीत झालंय." त्यानं कौतुकानं कागदावरनं हात फिरवला. "मधी त्यो गुलाबी डाग हुता, पान थुकल्यागत. त्योबी घालवला."

वर्धमाननं कॅलेंडर हातात घेतलं. वरचं अर्धं पान काळंभोर होतं. अतिशय सुबक काळं. कुठं एक डाग नव्हता. आणि त्या काळ्याच्या बरोब्बर मध्ये फेटा बांधलेले, हार घातलेले आण्णाप्पा होते.

"जागा लई रिकामी दिसाय लागली, म्हणून साहेबांना फोन करून त्येंचा फोटो टाकला," मष्णू म्हणाला. "खाली नाव मातर तुमचंच ठेवलंय."

चार हजार प्रती छापून झाल्या होत्या.